तेविसावी जोडी

रावपुऱ्यातल्या आमच्या लॅबमध्ये पूर्वी कात्री होती.
गुणसूत्रांचे फोटो धुऊन यायचे,
मी एकेक कापून पुठ्ठ्यावर चिकटवायची,
मोठ्याशी मोठं, ठेंगण्याशी ठेंगणं.
बावीस जोड्या पंगतीसारख्या मुकाट बसायच्या.
तेविसावी शेवटी:
बाईची असेल तर दोन एक्स,
पुरुषाची असेल तर एक एक्स
आणि शेजारी वाय,
खुर्चीवरून पाय न पोचणाऱ्या पोरासारखा.

आता पडद्यावर माउसने ओढते.
अंगठ्याला कात्रीचा घट्टा अजून आहे.

चौतीस वर्षांत एवढं कळलं,
आजार सगळ्यांकडे एकाच दाराने येत नाही.
चार वर्षांच्या हेतकडे तो धावत आला,
तीन आठवड्यांत पांढऱ्या पेशींची जत्रा.
त्या वयात मुलींपेक्षा मुलगे थोडे जास्त सापडतात.
का, ते मला अजून कुणी नीट सांगितलेलं नाही.
हेत बरा झाला. त्याच्या आईने
किलोभर लीलो चेवडो आणून दिला सगळ्या लॅबला.

म्हाताऱ्यांकडे तो येत नाही. तो असतोच.
कालाघोड्याच्या पुलाखाली विश्वामित्रीतली मगर पडून असते तसा,
वर्षानुवर्षं, ओंडका वाटावा असा.
एक पेशी चुकते, मग तिच्या लेकी, नाती.
पुरुषांचा वाय गळू लागतो साठीनंतर,
शर्टाचं खालचं बटण तुटावं तसा,
कुणाच्या लक्षातही येत नाही.
बायकांचा दुसरा एक्स झोपलेला असतो म्हणे,
पण एक डोळा किलकिला ठेवून.
त्या जागरणानेच बायका कदाचित थोड्या वाचतात,
डॉक्टर फाल्गुनीबेन म्हणाल्या.
'कदाचित' हा शब्द त्या फार जपून वापरतात.

मानसिंग आणि मी जुळी. अकरा मिनिटांनी तो मोठा.
एकच नळ, एकच शाळा, एकाच पातेल्यातली सेव-उसळ.
एकसष्टाव्या वर्षी त्याच्या मज्जेत
सातव्या जोडीतला एक तुटलेला,
आणि वाय नाहीच.
नियमाप्रमाणे ती स्लाइड मी बघायची नव्हती.
वीस पेशी मोजल्या.
चहा प्यायले. परत मोजल्या.

मी जुळले. चारात एक अशी शक्यता असते भावंडांत.
वय जास्त आहे, फाल्गुनीबेन म्हणाल्या,
तुमच्याही रक्तात साठल्या असतील चुका.
शोधल्या. घाबरण्याजोगं काही निघालं नाही.
मग फॉर्मवर पेन थांबवून विचारलं, बाळंतपणं किती?
एकही नाही.
"छान," त्या म्हणाल्या.
पोटात मुलगा वाढवलेल्या बाईचं रक्त
पुरुषाच्या पेशी ओळखायला शिकतं,
भावाच्या अंगात शिरून घर पेटवू शकतं.
तुमचं कोरं आहे.

लग्नाला छत्तीस वर्षं.
बारशाला पाळण्याची दोरी हातात घेतली
की कुणीतरी हसत हसत काढून घ्यायचं.
त्या सगळ्यावर हा एक शब्द, छान.
सही केली. जरा वाकडीच आली.
अहमदाबादला चार तास नळीला जोडून पडले होते,
तो पलीकडच्या खोलीत, काचेआड.

आज शंभरावा दिवस.
अंधाऱ्या खोलीत त्याच्या पेशी,
एक्सला लाल ठिपका, वायला हिरवा.
दोन लाल. दोन लाल.
दोन लाल.
दोनशे मोजल्या, हिरवा कुठेच नाही.

फोन केला. मिशी आली का रे?
"उगवतेय," म्हणाला. "पण काल
खिडकीत बसल्या बसल्या उगाच रडू आलं.
हे तुझंच ना?"
नाही रे, म्हटलं, ते वयाचं.

रिपोर्टवर लिंगाच्या रकान्यात 'पुरुष' आधीच छापून आलेलं.
ते तसंच ठेवलं.
वयाचा आकडा मात्र जुना होता,
एकसष्ट खोडून बासष्ट केलं.
गेल्या मंगळवारी झालो आम्ही.